तंजावर, तिरुचिरापल्ली, मद्रास : मराठी बालवाचनाचा एक दाक्षिणात्य इतिहास

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी बालग्रंथालयाचा वृत्तान्त लिहावा, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा पुस्तकांची संख्या, सभासदांची संख्या आणि देणगीदारांचे आभार एवढ्यावर काम भागेल, अशी आमची समजूत होती. परंतु जुनी इतिवृत्ते चाळताना एक ठराव पुन्हा दृष्टीस पडला आणि लेखाला निराळेच वळण लागले. बालविभागासाठी यापुढे केवळ मूळ मराठीत लिहिलेलीच पुस्तके घ्यावीत, भाषांतरित व रूपांतरित पुस्तकांवर मंडळाचा पैसा खर्च करू नये, असा तो ठराव होता. त्याच्या बाजूने हात वर करणाऱ्यांत आम्हीही होतो.

हेतू वाईट नव्हता. या तमिळ मुलखात आपल्या मुलांच्या कानांवर दिवसभर तमिळ पडते, शाळेत इंग्रजी चालते. मराठी उरते ती स्वयंपाकघरात आणि गणपतीच्या दिवसांत. तेव्हा जे काही थोडेबहुत मराठी वाचन मुलांकडून होईल ते तरी शिवरायांविषयी, ज्ञानोबा-तुकोबांविषयी, कोकणातल्या आजोळाविषयी नि देशावरच्या सुगीविषयी असावे. ग्रीसमधला कोल्हा आणि रशियातला बर्फ त्यांना मराठीतून कशासाठी हवा, असा युक्तिवाद सभेत झाला होता. तो त्या वेळी बिनतोड वाटला. मात्र त्यापुढील चार-पाच वर्षांची देवघेवीची नोंदवही उघडली, तर बालविभागाची पाने जवळजवळ कोरी आहेत. नवी चरित्रे आणि ग्रामीण कथा कपाटात ताठ उभ्या राहिल्या आणि मुले खोलीच्या कोपऱ्यात 'चांदोबा'च्या जुन्या बांधीव अंकांपाशी बसून राहिली. ते अंक घरी नेण्यास परवानगी नसल्यामुळे नोंदवहीत त्यांचा उल्लेखही नाही.

असे का झाले, हे समजून घेण्यासाठी आम्ही मराठी बालवाङ्मयाचा इतिहास थोडा मागे जाऊन पाहिला. त्यात जे आढळले ते आपल्यासारख्या, महाराष्ट्राबाहेर घरे थाटून बसलेल्या कुटुंबांना विशेष जवळचे वाटेल, म्हणून येथे सविस्तर मांडत आहोत.

या इतिहासाचा आरंभ पुण्यामुंबईस होत नाही. तो तंजावरास होतो.

आपल्या शहरातून रात्रीच्या गाडीने निघाले की पहाटे तंजावर येते. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी तेथे भोसल्यांची गादी स्थापिली. कावेरीच्या काठी आलेले हे मराठे राजे पाहता पाहता बहुभाषिक झाले. व्यंकोजींचे पुत्र शहाजी यांच्या नावावर 'पंचभाषाविलास' नावाचे एक नाटक आहे. संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी अशा पाच भाषा त्यात नांदतात. निरनिराळ्या देशांच्या राजकन्या आपापल्या भाषेत बोलतात, आणि त्यात कोणाची कुचंबणा होत नाही. आपल्या मंडळाच्या वार्षिक सभेतदेखील चहाच्या वेळी थोडेफार असेच चित्र दिसते, हे जाता जाता नमूद करावयास हरकत नाही.

या घराण्यातील दुसरे सरफोजी महाराज १७९८ साली गादीवर आले. श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले होते. तंजावरच्या श्वार्ट्झ चर्चमध्ये फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराने घडविलेले संगमरवरी स्मारक आजही आहे. मरणशय्येवरील गुरू आणि त्यांच्यापाशी उभे असलेले सरफोजी असा तो देखावा आहे. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनी सरकारकडे गेला आणि महाराजांची सत्ता किल्ला आणि त्याच्या आसपासच्या मुलखापुरती उरली. राज्यकारभारातून मोकळा झालेला हा राजा मग ग्रंथसंग्रह, वैद्यक, संगीत आणि शाळा यांत रमला. सरस्वती महाल ग्रंथालयाला आजचे वैभव आले ते मुख्यतः त्यांच्यामुळे. १८०३ साली त्यांनी बृहदीश्वर मंदिराच्या प्राकारात भोसले वंशाचा इतिहास मराठीत, देवनागरी अक्षरांत, दगडावर कोरवून घेतला. चोळ राजाने बांधलेल्या देवळात, तमिळ शिलालेखांच्या शेजारी, तो लेख आजही उभा आहे.

त्यानंतर तीनच वर्षांनी, १८०६ साली, याच राजाच्या आश्रयाने तंजावरास एक पुस्तक छापले गेले. सख्खन पंडित यांनी केलेल्या त्या पुस्तकाचे नाव 'बालबोधमुक्तावली'. मराठी बालवाङ्मयाच्या इतिहासात पहिले स्थान दिले जाते ते या पुस्तकाला. आणि हे पहिले पुस्तक कसले आहे? ते शिवचरित्र नाही, संतकथा नाही, पंचतंत्रही नाही. ते इसापाच्या गोष्टींचे भाषांतर आहे.

या वस्तुस्थितीपाशी क्षणभर थांबावेसे वाटते. संस्कृत ग्रंथांची ज्याच्याकडे वाण नव्हती, अशा राजाने मुलांसाठी पुस्तक करावयाचे ठरविल्यावर ग्रीसमधील एका गुलामाच्या नावावर चालत आलेल्या गोष्टी का निवडाव्यात? पंचतंत्र तर या भागाला अधिक जवळचे. विष्णुशर्म्याने ज्या राजपुत्रांना सहा महिन्यांत शहाणे केले, ते दाक्षिणात्य नगरी महिलारोप्य येथलेच असल्याचे त्या ग्रंथात म्हटले आहे. गंमत अशी की, त्याच सुमारास बंगालमध्ये श्रीरामपूर येथे कॅरी या इंग्रज मिशनऱ्याच्या छापखान्यात वैजनाथ पंडित मराठी पुस्तके सिद्ध करीत होते, आणि तेथे निवड झाली ती 'सिंहासनबत्तिशी' व 'हितोपदेश' यांची. ही पुस्तके १८१४ व १८१५ साली मोडी लिपीत निघाली. कंपनीच्या तरुण अंमलदारांना मराठी शिकविणे हा त्यांचा उद्देश होता. म्हणजे इंग्रजांसाठी भारतीय गोष्टी आणि मराठी मुलांसाठी ग्रीक गोष्टी, असा हा व्यवहार झाला. १८१६ साली वैजनाथ पंडितांनी केलेले 'राजा प्रतापादित्याचे चरित्र' तर बंगालीवरून मराठीत आले. छापील मराठीचे हे बाळपण तमिळ आणि बंगाली शेजाऱ्यांच्या अंगणात गेले, ही गोष्ट आपल्या शालेय इतिहासात कोणी फारशी सांगत नाही.

सरफोजी महाराजांच्या मनात काय होते हे सांगणारा कागद आमच्या पाहण्यात नाही. पण एक तर्क करता येतो. ज्याने लहानपणी परभाषी गुरूकडून परक्या देशांच्या गोष्टी ऐकल्या, त्याला त्यांची गोडी ठाऊक होती. सिंह, कोल्हा, करकोचा यांना जात नसते, प्रांत नसतो. ते ज्या भाषेत बोलतात त्या भाषेचे होऊन जातात. पुस्तकाच्या नावातही एक मौज आहे. 'बालबोध' म्हणजे मुलांना कळेल असे, हा अर्थ तर खराच. परंतु मोडीहून वेगळी अशी जी देवनागरी, तिलाही जुने लोक 'बाळबोध' लिपी म्हणत. मुलांना ज्यातून सहज बोध व्हावा ती लिपी! आज तमिळ माध्यमातून वा दुसऱ्या भाषेचा पर्याय म्हणून तमिळ घेऊन शिकणाऱ्या आपल्या नातवंडांना तीच बाळबोध लिपी परकी झाली आहे. ती मराठी बोलतात, समजतात, पण 'क्ष' आणि 'ज्ञ' समोर आले की अडखळतात. या मुद्द्याकडे पुढे वळू.

मुंबई इलाख्यात शाळाखात्याची पुस्तके निघू लागली ती १८२२ साली शाळापुस्तकांसाठी मंडळी स्थापन झाल्यानंतर. तेथेही पहिला मान भाषांतराचाच. सदाशिव काशिनाथ उर्फ बापू छत्रे यांचे 'बाळमित्र' १८२८ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी त्यांनी इसापनीतीही मराठीत आणली आणि पुढे १८३० साली 'वेताळपंचविशी'. यांतील 'बाळमित्रा'ची वंशावळ मोठी मनोरंजक आहे. ते पुस्तक बर्क्विन या फ्रेंच लेखकाच्या १७८२-८३ मधील मासिक-मालेवरून, इंग्रजीच्या द्वारे, मराठीत आले. आणि बर्क्विनने ती कल्पना व पुष्कळसा मजकूर व्हाइस या जर्मन लेखकाच्या मुलांच्या नियतकालिकावरून घेतला होता. जर्मन, फ्रेंच, इंग्रजी आणि मराठी! शनिवारवाड्यावरून भगवा उतरून दहाच वर्षे झाली होती, आणि पुण्यामुंबईची मुले लाइप्झिगच्या मुलांसाठी योजलेल्या गोष्टी वाचू लागली होती.

पुढचा शतकभराचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो बहुतेकांना परिचित आहे. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतील सुरस आणि चमत्कारिक गोष्टी मराठीत आणण्याचे काम हाती घेतले आणि तीनचार पिढ्यांच्या बाळपणात बगदादचा बाजार भरला. विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ साली 'बालबोध' मासिक काढले (पुन्हा तेच नाव!) आणि ते आमरण चालविले. १९०६ साली 'आनंद' मासिक सुरू करणारे वासुदेव गोविंद आपटे हे बंगालीचे जाणकार. बंकिमचंद्रांच्या कादंबऱ्या मराठीत आणणारे तेच. मुलांचे संपादक आणि परभाषेचे भाषांतरकार ही दोन कामे एकाच माणसाकडे असणे, हे त्या काळी नवल नव्हते.

आता पुन्हा आपल्या मुलखात येऊ. तंजावरपासून आगगाडीने तासा-दीड तासाच्या अंतरावर तिरुचिरापल्ली आहे. १९३० च्या सविनय कायदेभंगात साने गुरुजींना शिक्षा झाली आणि धुळ्याच्या तुरुंगातून त्यांची रवानगी त्रिचनापल्लीच्या तुरुंगात करण्यात आली. अमळनेरच्या शाळेत आणि छात्रालयात मुलांना गोष्टी सांगण्यात ज्यांचे दिवस गेले होते, त्या गुरुजींना येथे निरनिराळ्या प्रांतांतील राजबंदी भेटले आणि त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलता येत नाही याची खंत वाटू लागली. आपण भारतमातेचे नाव घेतो, पण तिच्या लेकरांच्या भाषा आपल्याला येत नाहीत, ही ती खंत. गुरुजी स्वस्थ बसणारे नव्हते. त्यांनी तेथे तमिळचा अभ्यास आरंभिला आणि तिरुवळ्ळुवरांच्या 'कुरल'ला मराठी रूप दिले. एक हजार तीनशे तीस द्विपदींचा हा ग्रंथ येथील शाळकरी मुलाला ज्या वयात पाठ करावा लागतो, त्या वयातल्या आपल्या मुलांना तो साने गुरुजींनी मराठीत आणला आहे हे कोणी सांगतच नाही. तमिळच्या परीक्षेच्या आदल्या रात्री ते कळले असते तर एखाद्याला धीर आला असता.

गुरुजींच्या 'आंतरभारती'च्या कल्पनेचे बीज त्या तुरुंगात पडले. १९४९ साली पुण्याच्या साहित्य संमेलनात त्यांनी ती कल्पना मांडली : एका प्रांताच्या मुलांनी दुसऱ्या प्रांताची भाषा, गाणी, गोष्टी शिकाव्यात, आणि त्यासाठी संस्था उभी राहावी. पुढच्याच वर्षी गुरुजी गेले. परंतु त्याआधी मुलांसाठी 'गोड गोष्टी' म्हणून त्यांनी जे लिहून ठेवले, त्यात आंतरभारतीच्याही पलीकडचे जग होते. त्यातील 'मनूबाबा' म्हणजे जॉर्ज एलियटचा सायलस मार्नर हा विणकर, आणि 'दुःखी' म्हणजे व्हिक्टर ह्यूगोची 'ले मिझराब्ल'. महाराष्ट्रातील कित्येक मुले या गोष्टी वाचून रडली आणि आपण इंग्लंड-फ्रान्ससाठी रडतो आहोत हे त्यांच्या गावीही नव्हते.

येथे एक मतभेद नोंदविला पाहिजे. परक्या गोष्टीला मराठी नावे देऊन आपलीशी करावी, की तिचे परकेपण तसेच ठेवावे? गुरुजींचा मार्ग पहिला. शान्ता शेळके यांनी 'लिटल विमेन'ची 'चौघीजणी' केली, पण मेग, ज्यो, बेथ, ॲमी यांना मेग, ज्यो, बेथ, ॲमीच ठेवले. राम पटवर्धनांच्या 'पाडस'मधला मुलगा ज्योडीच राहिला आणि फ्लॉरिडाचे रान फ्लॉरिडाचेच राहिले. आमचे मत दुसऱ्या मार्गाच्या बाजूचे आहे. नाव परके राहिले म्हणजे भावना ओळखीची निघाल्याचे आश्चर्य मुलाला पुरते अनुभवता येते. मार्च कुटुंबातील मुली नाताळच्या सकाळी आपली न्याहारी उचलून गरीब शेजाऱ्यांकडे नेऊन देतात, हा प्रसंग आमच्या वाचनवर्गात वाचून झाला तेव्हा एका मुलीने विचारले, "त्यांच्या आईने आधी देवाला नैवेद्य दाखवला होता का?" या प्रश्नाचे उत्तर आम्हाला देता आले नाही. पण न्यू इंग्लंडचे ते घर तिने आपल्या घराशेजारी आणून बसविले होते, एवढे खरे.

आणि आता मद्रास. १९४७ च्या जुलैत, स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी या शहरातून तेलुगूत 'चंदमामा' आणि तमिळमध्ये 'अंबुलिमामा' ही मासिके सुरू केली. पुढे हे मासिक अनेक भारतीय भाषांत पसरले, आणि १९५२ साली त्याचा मराठी भाऊ 'चांदोबा' जन्मला. साताऱ्याच्या, नागपूरच्या, बेळगावच्या घराघरांत ज्या अंकाची महिनाभर वाट पाहिली जाई, तो वडपळनीच्या छापखान्यातून निघून आगगाडीने तिकडे जात असे! मूळ मजकूर बहुधा तेलुगूतून तयार होई, त्याची निरनिराळ्या भाषांत रूपांतरे होत. चित्रे मात्र सर्व आवृत्त्यांत तीच. त्यामुळे मराठी मुलाच्या डोळ्यांपुढे जो राजवाडा उभा राहिला त्याला गोपुर होते, आणि जी राणी उभी राहिली तिच्या केसांत मोगऱ्याचा दाक्षिणात्य गजरा होता. खांद्यावर प्रेत, हातात उपसलेली तलवार आणि मागे स्मशान, हे विक्रम-वेताळाचे चित्र काढणारे 'शंकर' म्हणजे के. सी. शिवशंकरन. सुमारे सहा दशके ते या मासिकासाठी चित्रे काढीत राहिले. २०२० साली वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी ते निवर्तले, तेव्हा महाराष्ट्रातल्या अनेक आजीआजोबांना आपल्या लहानपणाचे चित्रकार तमिळ होते हे प्रथमच समजले असेल.

वेताळाचा स्वतःचा प्रवासही काही कमी नाही. गुणाढ्याची बृहत्कथा परंपरेने पैठणच्या सातवाहन राजाशी जोडली जाते. ती मूळ रूपात नष्ट झाली. तिच्या आधारे काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात 'कथासरित्सागर' रचला आणि वेताळाच्या पंचवीस कथा त्यात सुरक्षित राहिल्या. बापू छत्र्यांनी वेताळ मराठीत आणला १८३० साली, आणि सव्वाशे वर्षांनी तोच वेताळ मद्रासला तेलुगू शिकून, तमिळ चित्रकाराकडून देह घेऊन, पुन्हा गोदावरीकाठी परतला. मुळातल्या पंचवीस कथा संपल्यावर 'चांदोबा'ने त्याच चौकटीत नव्या शेकडो रचल्या. वेताळ आपला प्रश्न विचारीतच राहिला. गेल्या दशकाच्या आरंभी ते मासिक बंद पडले. आमच्या कोपऱ्यातील बांधीव अंक त्याचेच.

मुले त्या अंकांपाशी का बसून राहत आणि कपाटातील मूळ मराठी पुस्तकांना हात का लावीत नसत, याचा उलगडा आम्हाला इतिहासातून अर्धा झाला आणि उरलेला एका मुलाकडून झाला. सातवी-आठवीतला तो मुलगा. त्याला आम्ही एक नावाजलेली ग्रामीण बालकथा वाचावयास दिली होती. दोन पानांत त्याने ती परत केली. कारण विचारले तेव्हा म्हणाला, "काका, यात मोट आहे, पोळा आहे, कणगी आहे. मला काहीच ठाऊक नाही. घरी विचारलं की बाबा म्हणतात, एवढंही माहीत नाही तुला?" त्याच मुलाने सायबेरियातल्या बर्फाची गोष्ट मात्र दोन दिवसांत संपविली होती. सोव्हिएत प्रकाशनांची ती जाड कागदाची, देखण्या चित्रांची, नाममात्र किमतीची मराठी पुस्तके १९९१ नंतर येईनाशी झाली. आमच्याकडे एका सभासदाच्या देणगीतून काही आली होती.

तेव्हा ध्यानात आले की, भाषांतरित पुस्तक वाचकाचे अज्ञान गृहीत धरून चालते. भाषांतरकार जाता जाता सांगत असतो की हे असे घर असते, हा असा सण असतो, ही थंडी अशी असते. तेथे मुलाला काही ठाऊक नसण्यात कमीपणा नाही. त्याच्या वडिलांनाही ते ठाऊक नसते, आणि दोघे बरोबरीने त्या देशात शिरतात. मूळ मराठी पुस्तक मात्र वाचक गावचाच आहे असे धरून बोलते. पुण्याच्या मुलाला पुस्तकातील गाव परिचयाचे नसले तरी मामाकडून, पाठ्यपुस्तकातून, दूरदर्शनवरून ते कानांवर आलेले असते. आपल्या मुलाला ते फ्लॉरिडाइतकेच दूर आहे; फरक एवढाच की, फ्लॉरिडा ठाऊक नाही म्हणून त्याला कोणी टोकत नाही. ज्या पुस्तकांनी त्याला घराजवळ आणावे अशी आमची अपेक्षा होती, तीच त्याला पानोपानी सांगत होती की तू इथला नाहीस. आम्ही हात वर केला त्या दिवशी हे आम्हाला सुचले नाही, याची खंत आहे.

पुढच्या वार्षिक सभेत तो ठराव रद्द करण्याची सूचना आम्हीच मांडली. चर्चा बरीच तापली. एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, "मग मराठी मंडळ कशाला म्हणायचे? वाचनालय म्हणा नुसते." त्यांचा राग आम्हाला आजही समजतो, मराठीपण हातून निसटते आहे ही भीती त्या रागात होती, आणि ती भीती खोटी नाही. सूचना थोड्या मतांनी मंजूर झाली.

त्यानंतर जी पुस्तके घेतली त्यांत नॅशनल बुक ट्रस्टच्या 'नेहरू बाल पुस्तकालय' मालेतील छोटी पुस्तके विशेष उपयोगी पडली. ट्रस्टची स्थापना १९५७ ची. या मालेत एकच पुस्तक तीच चित्रे ठेवून निरनिराळ्या भारतीय भाषांत निघते, म्हणजे 'चांदोबा'चीच रीत. आम्ही काही पुस्तकांच्या मराठी आणि तमिळ अशा दोन्ही प्रती घेतल्या आणि शेजारी शेजारी ठेवल्या. ज्या मुलांना देवनागरी नीट वाचता येत नव्हती, ती तमिळ पान भराभर वाचीत आणि मग त्याच चित्राखालचे मराठी पान बोट ठेवून लावीत. गोष्ट आधीच कळलेली असल्यामुळे जोडाक्षराची धास्ती वाटेनाशी झाली. बाळबोध लिपी त्यांना तमिळच्या आधाराने आली, असे म्हटले तरी चालेल. दुर्गा भागवतांनी मराठीत आणलेल्या बंगाल, आसाम, काश्मीरच्या लोककथाही याच सुमारास कपाटात आल्या. भा. रा. भागवतांची ज्यूल व्हर्नवरून केलेली 'चंद्रावर स्वारी' ज्यांनी वाचली, ती मुले त्याच लेखणीतून उतरलेल्या 'फास्टर फेणे'कडे आपण होऊन गेली. तो फुरसुंगीचा पोरगा तर अस्सल मराठी! पण त्याच्यापर्यंत वाट गेली ती चंद्रावरून. सर्वच मुले या वाटेने गेली असे म्हणणे खोटे ठरेल. निम्म्यांहून अधिक इंग्रजीकडे वळली ती वळलीच, आणि आता तर हातातल्या फोनशी स्पर्धा आहे.

या देवघेवीतील एक उणीव मात्र बोलून दाखविली पाहिजे. आपण घेतले पुष्कळ, दिले थोडे. वि. स. खांडेकर का. श्री. श्री. यांच्या अनुवादांमुळे तमिळ घरांत एवढे वाचले गेले की, त्यांना तमिळ लेखक समजणारे वृद्ध वाचक आम्हाला भेटले आहेत. परंतु हा मोठ्यांच्या वाङ्मयाचा व्यवहार झाला. मुलांच्या वाङ्मयात 'श्यामची आई' सोडली तर मराठीतून शेजारच्या भाषांत गेलेली पुस्तके चटकन आठवत नाहीत. आपल्या मुलाला तेनालीरामन ठाऊक असतो, पण त्याच्या वर्गातील मित्राला फास्टर फेणे भेटलेला नसतो. तमिळ उत्तम लिहिणारी, मराठी घरात वाढलेली एक पिढी आता आपल्या मंडळात तयार आहे. सुवर्णमहोत्सवी निधीतून या कामासाठी काही रक्कम बाजूला ठेवावी, अशी सूचना ग्रंथालय समितीने कार्यकारिणीकडे पाठविली आहे. तिचा विचार अद्याप व्हावयाचा आहे.

गेल्या हिवाळ्यात वाचनवर्गाची पंधरा-सोळा मुले घेऊन आम्ही तंजावरास गेलो होतो. सरस्वती महालाच्या संग्रहालयात मोठ्यांचा वेळ गेला. मुलांना भूक लागली होती. दुपारनंतर बृहदीश्वराच्या देवळात, प्राकारातल्या त्या मराठी शिलालेखापाशी आलो. दगड उन्हाने तापलेला होता. दोन्ही भाषांची पुस्तके शेजारी ठेवून अक्षरे शिकलेल्यांपैकी एक मुलगी पुढे झाली आणि बोट फिरवीत एकेक अक्षर लावू लागली. कुठल्याशा शाळेच्या सहलीतील चार तमिळ मुले भोवती जमली. अक्षरे त्यांना वाचता येत नव्हती. हे काय लिहिले आहे, असे त्यांनी तिला विचारले. तिने आपल्याला लागले तेवढे तमिळमध्ये सांगितले : हे आमच्या राजाच्या घरच्या लोकांविषयी आहे, ते दुरून इथे राहायला आले होते. एक मुलगा म्हणाला, "म्हणजे आमचाच राजा." त्यावर त्या दोघांत थोडा वाद झाला, तो आम्हाला नीट ऐकू आला नाही. मग ती आमच्याकडे वळली आणि लेखातील एका शब्दावर बोट ठेवून अर्थ विचारू लागली. तो शब्द आम्हालाही ठाऊक नव्हता. वहीत उतरवून घेतला आहे.